डंबकाउ: मुकी गाय नव्हे, 'धमकाओ'

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकातल्या, हिंदुस्थानात नोकरीला असलेल्या एका इंग्रजाच्या लेखनाचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात 'डंबकाउड' हा शब्द आला. नेहमीच्या कोशात तो मिळत नाही. 'डंब' म्हणजे मुका, 'काउ' म्हणजे गाय, तेव्हा 'मुक्या गाईसारखा करून टाकलेला' असा अर्थ घ्यावा का? शब्द मुळात आला कुठून, आणि मराठीत काय लिहावे?

गाईला यातून आधी बाहेर काढू. 'डंबकाउ' हे क्रियापद म्हणजे हिंदुस्तानी 'धमकाओ'. अर्थ: धाक घालून, दरडावून एखाद्याला गप्प करणे. 'डंबकाउड' हे त्याचे धातुसाधित: दमदाटी सोसून दबून गेलेला, तोंडातून शब्द न निघणारा. स्पेलिंग डी-यू-एम-बी-सी-ओ-डब्ल्यू. उच्चार 'डमकाउ', कारण मधला 'बी' बोलायचा नसतो. या शब्दात मुके काही असेल तर ते हे एक अक्षर.

'मुकी बिचारी कुणीही हाका' ही म्हण मराठी कानात बसलेली असल्यामुळे आपल्याला ती गाय अधिकच पटते. इंग्रज वाचकालाही पटत असणार, आणि शब्दाचे स्पेलिंग असे झाले त्याचे कारणही तेच आहे. अनोळखी शब्द ओळखीच्या कपड्यांत उभा केला की तो लक्षात राहतो. आपण 'रिक्रूट'चा 'रंगरूट' केला तेव्हा हेच केले. त्या शिपायाचा रंगाशी काही संबंध नव्हता, पण 'रंग' तोंडात आधीपासून होता.

या शब्दाची नोंद मिळते ती 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात. कर्नल हेन्री यूल आणि मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी आर्थर कोक बर्नेल यांनी तो रचला. बर्नेल १८८२ साली वारले आणि कोश १८८६ मध्ये लंडनच्या जॉन मरेकडून निघाला, त्यामुळे शेवटचा मोठा भार यूलवर पडला. १९०३ मध्ये विल्यम क्रूक यांनी दुसरी आवृत्ती काढली. कोशाचे नावच अशा बदललेल्या शब्दाचा नमुना आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन! या हुसेन!' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या तोंडी 'हॉब्सन-जॉब्सन' झाला. हॉब्सन आणि जॉब्सन ही इंग्रजी आडनावे, म्हणून ते जिभेवर बसले. परका शब्द आपल्या ध्वनींत आणि ओळखीच्या शब्दांत ओढून घेण्याच्या या प्रकाराला भाषाशास्त्रात पुढे 'हॉब्सन-जॉब्सनचा नियम' असे नावच पडले.

यूल यांनी 'डंबकाउ'ला अँग्लो-इंडियन बोलीचा फर्मास नमुना म्हटले आहे, पण त्यांनी दिलेली व्युत्पत्ती वेगळी आहे. त्यांच्या मते मूळ वाक्प्रचार 'दम खाना', म्हणजे श्वास गिळून गप्प राहणे. त्याचे 'दम खाओ', आणि त्याचेच इंग्रजांनी सकर्मक क्रियापद केले. 'डंब' आणि 'काउ' या ओळखीच्या आवाजांनी स्पेलिंगही वळले आणि अर्थही वळला, असे ते म्हणतात. क्रूक यांनी १९०३ मध्ये याच नोंदीच्या शेवटी भर घातली: अधिक संभव 'धमकाना'चा आहे. त्यासाठी त्यांनी प्लॅट्स यांच्या १८८४ च्या उर्दू-हिंदी कोशाचा आधार दिला.

इथे एक चूक हटकून होते. १९०३ च्या आवृत्तीत क्रूक यांनी घातलेली भर चौकटी कंसात आहे, बाकीचा मजकूर यूल-बर्नेल यांचा. इंटरनेटवर फिरणारी प्रत बहुतेक वेळा याच आवृत्तीची असते. कंस न पाहता उतरवून घेतले की 'यूल म्हणतात, धमकानापासून' असे वाक्य तयार होते आणि ते चूक असते. टीप देताना १८८६ चे मत कोणते आणि १९०३ चे कोणते हे वेगळे लिहा.

दोघांत बरोबर कोण? क्रूक. हे केवळ 'धमकावणे' आपल्याला जवळचे वाटते म्हणून नव्हे. पुरावा तपासायचा क्रम आधी ध्वनी, मग व्याकरण, मग भावंडे (म्हणजे याच घडणीचे इतर शब्द) आणि शेवटी अर्थ असा ठेवला, तर निकाल बराच स्वच्छ लागतो.

ध्वनीपासून सुरुवात करू. इंग्रजी माणसाला आपला ऱ्हस्व 'अ' ऐकू येतो तो 'कट', 'बट' मधल्या स्वरासारखा, आणि तो स्वर इंग्रजीत 'यू' या अक्षराने लिहितात. म्हणून जुन्या लेखनात 'पक्का', 'कच्चा', 'पंजाब' यांच्या पहिल्या स्वराला 'यू' आहे. 'अहमदनगर'च्या 'नगर'मध्येही 'नग्गर' वाचावे असे 'यू'वाले जुने स्पेलिंग सापडते. जॉन गिलख्रिस्ट यांची रोमन लेखनपद्धती याच धर्तीची होती. विल्यम जोन्स यांची वेगळी, 'ए' वापरणारी. १८७० नंतर विल्यम विल्सन हंटर यांच्या पद्धतीमुळे सरकारी कागदांत 'ए'चा विजय झाला, पण तोवर रूढ झालेली स्पेलिंगे तशीच राहिली. 'धम' मधला 'अ' त्यामुळे 'यू' झाला. 'ध' मधला महाप्राण इंग्रजीत नाही, तो गळून 'ड' उरला. 'म'पुढचा 'बी' हा 'डंब' या शब्दाच्या स्पेलिंगमधून फुकट आला. 'क' चा 'सी' झाला. राहिला शेवटचा 'आओ'. तो इंग्रजीत 'ओ-डब्ल्यू'ने लिहितात. लखनौचे इंग्रजी स्पेलिंग समोर धरा, दोन्ही गोष्टी एकाच शब्दात दिसतील: 'लख'ला 'यू', 'नऊ'ला 'ओ-डब्ल्यू'.

पण ध्वनीची परीक्षा यूल यांची व्युत्पत्तीही पास होते. 'दम खाओ' मधल्या 'ख' चा महाप्राण काढा, पुन्हा 'डमकाउ'च मिळते. ध्वनीवर वाद सुटत नाही. जो कोणी केवळ आवाजाच्या साम्यावर व्युत्पत्ती सांगतो त्याच्याकडे जरा संशयाने पाहावे ते यासाठी.

व्याकरण अधिक बोलके आहे. इंग्रजीने हिंदुस्तानी क्रियापदे घेतली ती मुळात आज्ञार्थी रूपात. साहेबाच्या कानावर आणि साहेबाच्या तोंडी क्रियापद यायचे ते हुकूम म्हणून: लाओ, लगाओ, बनाओ, पकडो. 'लगाना' हे कोशातले रूप त्याला शिकवणीच्या पुस्तकातच भेटायचे. इंग्रजीत क्रियापद व्हायला शब्दाला कोणताही प्रत्यय लागत नाही, कोणताही शब्द उचलून त्याला भूतकाळाचा 'ड' लावला की काम झाले. मराठीला हे जमत नाही. आपण परका शब्द घेऊन त्याला 'करणे', 'मारणे', 'होणे' जोडतो: फोन करणे, ब्रेक मारणे, पंक्चर होणे. म्हणून इंग्रजीत आज्ञार्थच धातू होऊन बसला: डंबकाउ, डंबकाउड, डंबकाउइंग.

ही रूपे 'तुम'ची आहेत हेही पाहण्यासारखे आहे. 'आप'चे 'लगाइए', 'बनाइए' या घराण्यात दिसत नाही. कोण कोणाशी कसे बोलत होता याची नोंद या शेवटच्या 'ओ'मध्ये राहिली आहे.

आता भावंडे. यूल यांनी एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या पाच-सहा नोंदी दिल्या आहेत, आणि मराठी वाचकाला त्या जवळजवळ शब्दकोशाशिवाय कळतात.

'लुगाउ' म्हणजे लगाओ. इंग्रजीत त्याचा खास अर्थ नाव किनाऱ्याला किंवा धक्क्याला लावणे. यूल यांना गंमत वाटली ती अशी की शेक्सपिअर यांच्या हिंदुस्तानी कोशात (हे कोशकार जॉन शेक्सपिअर, नाटककार नव्हेत) 'लगाना'च्या अर्थांची लांबलचक यादी आहे, पण इंग्रजांच्या तोंडी सर्वांत रुळलेला हाच अर्थ त्यात नाही. आपल्याला त्यात नवल नाही. 'होडी किनाऱ्याला लागली', 'मचवा धक्क्याला लावला' हे कोकणात रोजचे बोलणे आहे.

'बुनाउ' म्हणजे बनाओ, आणि इंग्रजीत अर्थ 'खोटे रचणे, बनावट तयार करणे'. त्याखाली एक जुनी गमतीची कविता दिली आहे, लखनौचे नवाब सआदत अली यांच्या दरबारी असलेल्या एका अधिकाऱ्याच्या कागदांतली. दोन साहेबांना शिकारीची हौस येते, पण जवळ शिकारी कुत्रा नाही. तेवढ्यात एक गावठी कुत्रा समोर येतो. साहेब हुकूम सोडतात: कान आणि शेपूट काट, जल्दी टेरिअर बनाओ! यूल 'बुनाउ'ला आज्ञार्थ मानतात. क्रियापदापुरते ते ठीक. पण इंग्रजीत हा शब्द नाम म्हणूनही वापरला जायचा, 'एक थाप, एक सोंग' या अर्थी, आणि तिथे आज्ञार्थाची गरजच नाही. 'बनाव' हे नाम भाषेत आयते होते. 'पोलिसांची दिशाभूल करायला बनाव रचला' हे वाक्य वर्तमानपत्रात आपण आजही वाचतो. 'बनाओ' आणि 'बनाव' यांतला फरक इंग्रजी कानाला कळणारा नव्हता, दोन्ही एकाच स्पेलिंगात मिसळले असावेत.

'फूझिलाउ' म्हणजे फुसलाओ, गोड बोलून वळवणे. आपले 'फुसलावणे' अर्थासकट तेच.

'समजाउ' म्हणजे समझाओ. कोशाने दिलेला अर्थ: समज देणे, पण सहसा हाताचा वापर करून. या नोंदीखाली क्रूक यांनी १८२६ च्या 'पांडुरंग हरी' या इंग्रजी कादंबरीतला उतारा जोडला आहे. ती लिहिली मुंबई इलाख्यातले अधिकारी विल्यम हॉकले यांनी, आणि तिचा सगळा मुलूख मराठी आहे. 'पोलिसांनी समज देऊन सोडून दिले' या वाक्यात 'समज' नेमकी कशी दिली हे आपण विचारत नाही. दोन्हीकडे सभ्य शब्दाने तेच काम केले आहे.

'पकराउ' हे गोऱ्या शिपायांचे लाडके क्रियापद: पकडणे, ताब्यात घेणे. यूल यांनी ते 'पकडाना'चा, म्हणजे 'पकडवून घे' अशा प्रयोजक रूपाचा आज्ञार्थ मानले, आणि पर्याय म्हणून 'पकड आओ' सुचवले. इथे त्यांनी नको तितके खोदले असे वाटते. त्यांनीच दिलेल्या १८६६ च्या ट्रेव्हेल्यन यांच्या नाटकातल्या उताऱ्यात शब्दाचा शेवट नुसत्या 'ओ'ने होतो. तिथे प्रेमिक 'कच्चा' आणि 'पक्का' यांच्यावर कोटी करत शेवटी 'पकरो'ची परवानगी मागतो. साधा 'पकडो' पुरेसा आहे. शेवटचा 'डब्ल्यू' नंतर 'फॉलो', 'बॉरो' यांच्या स्पेलिंगच्या सवयीने लागू शकतो.

या घराण्यातला एकच शब्द जगभर पोचला आणि त्याचे मूळ सगळे विसरले: शॅम्पू. तो 'चाँपना'च्या 'चाँपो' या आज्ञार्थातून आला. इंग्रजीत १७६२ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो भेटतो तेव्हा त्याचा अर्थ अंग रगडणे, चेपणे असाच आहे. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमध्ये ब्रायटनला स्नानगृह काढून 'शॅम्पूइंग सर्जन' अशी पदवी मिरवली ती याच अर्थाने. केस धुण्याचा अर्थ १८६० च्या सुमारास चिकटला. 'देखो'चा 'डेको' हाही ब्रिटिश बोलीत टिकला, 'एक नजर टाकणे' या अर्थी. 'लूट' मात्र या यादीत घालू नका. तो इंग्रजीत गेला तो नाम म्हणून, आज्ञार्थ म्हणून नव्हे.

आता परत 'डंबकाउ'कडे. वरची भावंडे पाहा: लगाना, बनाना, फुसलाना, समझाना. सगळी '-आना'ची, सकर्मक किंवा प्रयोजक क्रियापदे, आज्ञार्थ '-आओ'. 'धमकाना' या रांगेत न बोलावता येऊन बसते. 'दम खाना' बसत नाही. ते नाम आणि 'खाना' यांचा वाक्प्रचार आहे, आणि त्याचा परिणाम बोलणाऱ्यावर होतो, दुसऱ्यावर नाही.

अर्थाची परीक्षाही तेच सांगते. 'दम खा' हे कोणाला म्हणतात? धावत आलेल्याला, घाई करणाऱ्याला. मराठीत त्यात धमकी तर नाहीच, उलट थोडी आपुलकी आहे. 'गप्प राहा' या यूल यांच्या अर्थापासून निघालो तरी 'डंबकाउ'पर्यंत यायला दोन उड्या माराव्या लागतात: गप्प राहणे ते गप्प करणे, आणि गप्प करणे ते धाकाने गप्प करणे. 'धमकाना'पासून निघालो तर धाक आधीच हातात आहे. गप्प होण्याची छटा तेवढी कमी पडते, आणि ती 'डंब'ने पुरवली.

माझ्या मते शब्दाचा खरा गाभा इथे आहे. यूल यांनी व्युत्पत्ती चुकवली, पण स्पेलिंगने अर्थ वळवला हे त्यांचे निरीक्षण सोळा आणे खरे आहे. धमकी हिंदुस्तानीतून आली, मौन 'डंब'मधून आले, आणि नमवण्याचा भाव 'काउ'मधून. कारण इंग्रजीत 'काउ' हे क्रियापदही आहे: धाक दाखवून दबवणे. त्याचा गाईशी संबंध नाही. सुमारे १६०० पासून ते इंग्रजीत आढळते आणि बहुधा जुन्या नॉर्स भाषेतल्या 'दडपणे' अर्थाच्या 'कूगा' या क्रियापदापासून आले आहे. भित्रा या अर्थाचा 'काउअर्ड' तिसरीकडचाच, जुन्या फ्रेंचमधून आलेला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधली शेपूट आहे. तेव्हा 'डंबकाउ' वाचणाऱ्या इंग्रजाला त्यात गाय दिसली असेलही, पण अर्थ पुरवत होते ते क्रियापद 'काउ'. याच 'काउ'ने उच्चारही बांधून टाकला. 'फूझिलाउ'चा शेवट 'ओ' वाचावा की 'आउ' असा घोळ होऊ शकतो, इथे होत नाही.

मराठी माणसाच्या मनात आणखी दोन शंका येतात, आणि त्या रास्त आहेत. एक: 'दम देणे', 'सज्जड दम भरणे' हे आपल्याकडे धमकावण्याच्याच अर्थी आहे, मग 'डम' तो दम का नसावा? कारण मग 'काउ' उरतो आणि त्याचे काय करायचे हे सांगता येत नाही. 'दम देओ'पासून 'डमकाउ' होत नाही. दुसरी: मूळ मराठी 'धमकाव' का नसावे? ध्वनीने तेही चालते. पण भावंडांची रूपे मराठी असती तर 'लाव', 'बनव', 'पकड' यांपासूनचे शब्द दिसायला हवे होते. दिसतात ते 'लगाओ', 'बनाओ', 'पकडो' यांचे. छावणी आणि बंगला यांची भाषा हिंदुस्तानी होती, पुण्यात आणि खडकीतही.

स्पेलिंगच्या साम्याने फसायला होते त्याची आणखी उदाहरणे या शब्दाच्या शेजारीच आहेत. कोशात 'डंबकाउ'नंतर जवळच 'डमडम' आणि 'डमपोक' येतात. 'डमडम' हे कलकत्त्याजवळच्या लष्करी ठाण्याचे नाव, 'दमदमा' म्हणजे तोफांसाठी उभारलेला मातीचा उंचवटा, त्यावरून. वेढ्यांच्या जुन्या मराठी वर्णनांत दमदमे भेटतात ते हेच. 'डमपोक' म्हणजे 'दमपुख्त', वाफ कोंडून शिजवलेले, बिर्याणीच्या दमातला दम. तिघांची पहिली तीन अक्षरे एकच, कुळे तीन. याहून मोठा खड्डा 'पकराउ'चा आहे. न्यूझीलंडच्या इंग्रजीत 'पकरू' असे काहीसे ऐकू येणारे क्रियापद आहे, 'मोडून टाकणे' या अर्थी. ते माओरी 'पकारू', म्हणजे मोडलेले, यापासून आले. हिंदुस्थानात चाकरी केलेल्या शिपायांनी ते तिकडे नेले अशी गोष्ट रचणे फार सोपे आहे. अर्थ जुळत नाही, पकडणे आणि मोडणे यांत नाते नाही, आणि माओरीत शब्द आयता आहे. तिथेच थांबावे.

स्वतः शोध घ्यायचा असेल तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशसंग्रहात हॉब्सन-जॉब्सन, प्लॅट्स आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असे तिन्ही आहेत. तिघांना एकत्र उघडा. हॉब्सन-जॉब्सन इंग्रजी रूप देतो, प्लॅट्स हिंदुस्तानी क्रियापदाचे अर्थ, आणि १८५७ च्या आवृत्तीचा मोल्सवर्थ त्याच काळातली मराठी बाजू. मोल्सवर्थमध्ये क्रियापद 'णें' असे अनुस्वारासह शोधावे लागते, नुसत्या 'णे'ने हाती काही लागत नाही. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांत शोधताना 'डंब काउ' असे दोन शब्द टाकले तर खऱ्याखुऱ्या मुक्या गाई हजारोंनी येतील. त्याऐवजी धातुसाधित 'डंबकाउड' एकसंध टाका, कारण गाईला भूतकाळाचा प्रत्यय लागत नाही. मग मधला 'बी' काढून, आणि सुरुवातीला 'डी'नंतर 'एच' घालून, 'यू'च्या जागी 'ए' ठेवून पुन्हा शोधा. ओळीच्या शेवटी शब्द तुटून संयोगचिन्ह आलेले असू शकते, तेही लक्षात घ्या. तारखेबद्दल सांगायचे तर '१८८६ पूर्वी रूढ' एवढे निर्धास्त लिहिता येते. त्याआधीचा काळ लिहायचा तर तारीख असलेला उतारा हाताशी हवा.

आता अनुवाद. 'धमकावणे' एवढेच लिहिले तर निम्मा अर्थ जातो. धमकावलेला माणूस उलट उत्तर देऊ शकतो, डंबकाउ झालेला देत नाही. म्हणून दोन अंगे हवीत, धाक आणि मौन. क्रियापदासाठी 'दरडावून गप्प करणे' किंवा 'दमदाटी करून तोंड बंद करणे' सर्वांत जवळचे. 'दटावणे' हलके पडते, ते आई-मास्तरांचे. 'दरडावणे'त आवाज आहे, पण परिणाम नाही. 'धाकात ठेवणे' ही कायमची स्थिती झाली, एका प्रसंगातली कृती नव्हे. धातुसाधितासाठी संदर्भ पाहा. कचेरीतला कारकून असेल तर 'दबून गेलेला', साक्षीदार असेल तर 'असा दम भरला की तोंडातून शब्द फुटेना'. 'मूग गिळून बसलेला' मात्र नको. त्यात गप्प राहण्याचा निर्णय त्या माणसाचा असतो, आणि इथे तो त्याच्या हातात नाही. 'गरीब गाय' तर मुळीच नको, तो तर पुन्हा त्याच सापळ्यात पाय.

निवेदन इंग्रजाचे आणि सूर थट्टेचा असेल तर आणखी एक वाट आहे. मूळ लेखकाला आपल्या मोडक्या हिंदुस्तानीची गंमत वाटते आहे, आणि शुद्ध मराठी क्रियापदाने ती जाते. अशा ठिकाणी साहेबाच्या तोंडी 'त्याला जरा धमकाओ करा' असे आज्ञार्थालाच 'करणे' जोडून ठेवावे. मराठी परका शब्द घेते त्याच रीतीने तो आला, आणि बोलणारा साहेब आहे हेही वाचकाला कळले. संबंध पुस्तकात असे दोन-तीनदाच करा, आणि पहिल्या ठिकाणी वाक्यातच अर्थ उघड होईल अशी सोय ठेवा, तळटीप नको. 'लुगाउ', 'बुनाउ' त्याच मजकुरात पुढे येण्याची शक्यता दाट आहे. हे शब्द एकमेकांना धरून फिरतात, तेव्हा सगळ्यांना एकच उपाय ठरवून मगच पहिले पान पक्के करा.